तिसऱ्या पाळीतली बाई

नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली म्हणून निरंजननं फोन हातात घेतला. नबीलाचा मेसेज होता. एक फोटो, त्यावर लाल रंगानं काढलेला गोल आणि खाली एवढंच : ‘सर, हे तुम्ही पाहिलंय का?’ फोटो ज्या सिनेमातला होता तो त्याला पाठ होता. हंगेरियन दिग्दर्शक मार्तोन केरेतीच्या ‘तिसरी पाळी’तला शेवटचा शॉट. बुटांच्या कारखान्यात मशिनसमोर बसलेली बाई आणि तिच्यामागे खिडकीची मोठी, मळकी काच. ही काच त्यानं आजवर काळीच पाहिली होती. केरेती वारला आणि त्यानंतर हंगेरीतल्या कुणीतरी हौसेनं जुनी रिळं धुऊन-पुसून सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत काढली, आणि त्या स्वच्छतेत काचेतला काळोख निघून गेला. काचेत माणसं दिसत होती. कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असलेली, चौकटीबाहेरची माणसं. त्यातला एक जण पुढे यायला निघालेला होता, त्याचं पाऊल उचललेलं होतं, आणि त्याच्या छातीवर एक हात आडवा धरलेला होता. त्या हाताच्या मनगटावर रुंद कातडी पट्ट्याचं घड्याळ होतं. ते घड्याळ निरंजननं एकदा समोर बसून पाहिलं होतं. ते केरेतीचं होतं.

“आरं, हिरवा झाला की,” शेजारी बसलेले त्याचे वडील, रंगराव, म्हणाले. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न लावून धरला होता. निरंजननं फोन मांडीखाली सरकवला आणि गाडी भोसरीकडे काढली. गुरुवार होता. एमआयडीसी बंद, रस्ते मोकळे, कंपन्यांच्या बसेस कुठेतरी ओळीनं झोपलेल्या. अशा मोकळ्या रस्त्यावर माणसाला बरं वाटायला हवं. त्याला मात्र सारखं वाटत होतं की पुढच्या वळणावर काहीतरी आडवं येणार आहे.

त्या शॉटमधली बाई नटी नव्हती. कारखान्यातलीच कामगार होती. सिनेमाच्या नावांच्या पाटीत तिचा उल्लेख नुसता ‘एक कामगार स्त्री’ असा आहे. ती चामड्याचे तुकडे मशिनखाली सरकवत राहते, सरकवत राहते, कॅमेरा हलत नाही, आणि मग अचानक ती मान वर करून चौकटीच्या बाहेर बघते. तिच्या डोळ्यांत असं काहीतरी असतं की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. तेवढ्यात पडदा काळा होतो आणि सिनेमा संपतो. ती कुणाकडे बघते यावर जगभरच्या शहाण्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणी म्हणालं देवाकडे, कुणी म्हणालं येऊ घातलेल्या स्वातंत्र्याकडे. स्वतः निरंजन पुण्याच्या मीडिया कॉलेजात दर वर्षी त्या नजरेवर एक अख्खं लेक्चर घ्यायचा आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, ती आपल्याकडे बघते आहे, प्रेक्षकाकडे. पोरं वहीत उतरवून घ्यायची. नबीला त्याच पोरांमधली. आता तीच त्याची कॅमेरावुमन होती, आणि तिनंच लाल गोल काढून दाखवलं होतं की बाई देवाबिवाकडे बघत नव्हती. ती त्या पुढे येऊ पाहणाऱ्या माणसाकडे बघत होती. त्याला काहीतरी दिसलं होतं, आणि त्याला येऊ दिलं जात नव्हतं. पडदा काळा झाल्यावर तिचं काय झालं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. निरंजननंही विचारलं नव्हतं.

आज त्याला तोच शॉट घ्यायचा होता. तोच म्हणजे अगदी तोच नव्हे. माणूस इतका निर्लज्ज नसतो, तो स्वतःला ‘प्रेरणा’ वगैरे शब्द देतो. हनीफभाईंच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये जुन्या पॉवर प्रेसवर तिथल्याच कामगार कौशल्याबाई बसणार, पत्र्याचे तुकडे डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, ठेवणार, पायानं पायडल दाबणार, वरचा ठोकळा खाली येऊन पत्र्याला आकार देणार, तयार ब्रॅकेट त्या उचलून टोपलीत टाकणार. पुन्हा तुकडा, पुन्हा पायडल. कॅमेरा हलणार नाही. त्यांचे हात आणि त्यांचा चेहरा, बास. आयुष्यभर कंपन्यांच्या सेफ्टी फिल्मा करून त्याला वीट आला होता. चाकणच्या नव्या कोऱ्या प्लांटमध्ये हेल्मेट घातलेल्या हसऱ्या मुलामुलींना ‘हात जपा’ म्हणायला लावायचं आणि मागे गिटार वाजवायचं. चाळिशी उलटली, केस गेले, आणि स्वतःचा म्हणावा असा सिनेमा अजून व्हायचा होता. हा पहिला. आणि ती प्रेस शनिवारी भंगारात जाणार होती. हनीफभाईंनी नवं मशिन बुक केलं होतं. त्यामुळे काय व्हायचं ते आजच.

अडचण एकच होती, ती जाळी. त्या प्रेसला पुढे एक पिवळी लोखंडी जाळी होती. पायडल दाबलं की आधी जाळी खाली यायची, मग ठोकळा. हात आत राहिला असेल तर जाळी हाताला लागायची आणि ठोकळा वरच अडायचा. कॅमेऱ्यातून बघितलं तर त्या जाळीनं कौशल्याबाईंचे हात झाकून जायचे आणि चेहऱ्यावर पिवळ्या चौकडी पडायच्या. मंगळवारी येऊन निरंजननं बघितलं आणि म्हणाला, जाळी काढावी लागेल. हनीफभाई बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, तुम्ही रंगरावचाचांचे चिरंजीव. तुम्हाला मी काय सांगणार?” त्यानं ते होकारासारखं ऐकलं. आता बापाला शेजारी बसवून लांडेवाडीच्या चौकातून वळताना तेच वाक्य त्याला वेगळं ऐकू यायला लागलं.

रंगरावांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. ती कशी गेली हे घरात सणावाराला सांगितलं जायचं, आणि हसत सांगितलं जायचं. निरंजन जन्मला त्या सकाळी रंगराव प्रेसवर होते. दवाखान्यातून निरोप आला आणि त्यांचा एक जिवाभावाचा सोबती आनंदानं धावत आला आणि मागूनच ओरडला, “रंग्या, पोरगा झाला!” रंगरावांनी मान वळवली. हात तिथेच राहिला, पाय मात्र पायडलवर पडला. “ह्याच्या बारशाला दोन बोटं वाटली आमी,” असं ते म्हणायचे आणि पाहुणे हसायचे. तेव्हापासून वर्कशॉपांच्या त्या सगळ्या गल्लीत एक रीतच पडून गेली होती, आणि रंगरावांनी ज्यांना ज्यांना काम शिकवलं त्यांना आधी ती शिकवली. प्रेसवर बसलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. आग लागली तरी ओरडायचं नाही. समोर जायचं, सावकाश त्याच्या नजरेत यायचं, पंजा वर करायचा, त्याचा पाय पायडलवरून खाली आला की मग काय ते बोलायचं. निरंजनला ही रीत बाराखडीच्या आधीपासून ठाऊक होती. लहानपणी आई न्हाणीघरात असली तरी तो तिला हाक मारायला घाबरायचा. आपल्या आवाजानं कुणाचं तरी काहीतरी तुटेल, ही भीती त्याच्या अंगात घरच्या भाषेसारखी मुरलेली होती.

केरेतीला त्यानं हे सांगितलं होतं. हंगेरीत तो एकदाच गेला होता, कार्यशाळेला, निवडलेल्या मोजक्या पोरांत. तेव्हा केरेतीनं सिनेमे करणं थांबवून बरीच वर्षं झाली होती. कारकीर्द काय साधीसुधी होती? न्यूजरीलच्या कॅमेऱ्याची पेटी उचलणारा म्हणून सुरुवात, ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यावर एक लहानसा सिनेमा, मग दुसरा सिनेमा सरकारनं कपाटात कोंडून ठेवलेला, मग ‘तिसरी पाळी’ आणि तिच्यामागोमाग जगभरची बक्षिसं. पुढचे सिनेमे लांब लांब होत गेले आणि त्यातली माणसं कमी कमी. शेवटच्यात तर माणूसच नाही, नुसती बंद पडलेली दालनं आणि खिडक्या. मग एके दिवशी जाहीर करून टाकलं, आता नाही. तळ्याकाठी घर घेतलं आणि सफरचंदं लावली. का थांबलात, असं विचारणाऱ्याला तो सफरचंद द्यायचा म्हणे. निरंजनलाही दिलं. जाड पट्ट्याचं घड्याळ घातलेल्या हातानं सोलून, फोडी करून दिलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, तुझे वडील काय करतात? निरंजननं बोटांची गोष्ट सांगितली. घरच्यासारखी हसत सांगितली. म्हातारा हसला नाही. डोळे बारीक करून त्यानं काहीतरी विचारलं आणि दुभाष्याला क्षणभर ते इंग्रजीत कसं सांगावं कळेना. प्रश्न असा होता : त्या वेळी तिथे उजेड कसा होता?

हा प्रश्न निरंजननं किती वर्षं मिरवला होता! याला म्हणतात कलावंताची नजर, असं तो वर्गात सांगायचा. बोटं गेली, रक्त आलं, हे कुणीही विचारील. उजेड कसा होता हे केरेतीच विचारू शकतो. आणि त्याचा नियम? कॅमेरा सुरू झाला की चौकटीत कुणी शिरायचं नाही, चौकटीबाहेर कुणी हलायचं नाही, आणि थांबा म्हणण्याचा हक्क एकट्या दिग्दर्शकाचा. जे घडेल ती देणगी. निरंजननं हा नियम तोंडपाठ केला होता, स्वतःच्या प्रत्येक शूटिंगला लावला होता. आज सकाळपर्यंत त्याला त्या नियमात शिस्त दिसत होती. आता मांडीखाली दडवलेल्या फोनमध्ये तोच नियम एक हात होऊन कुणाच्या तरी छातीवर आडवा पडला होता. मग त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं तो प्रश्न मला कशाला विचारला असेल? त्याला स्वतःच्या एखाद्या उजेडाची आठवण झाली असेल का? आणि मग त्याला त्या सफरचंदाची चव आठवली.

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. कौशल्याबाई आधीच येऊन प्रेससमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या, जांभळं लुगडं, वर कंपनीचा निळा कोट, केस रुमालात बांधलेले. मूळच्या लातूरकडच्या. नवरा गेल्यावर दोन लेकी घेऊन भोसरीत आल्या, तेव्हा रंगरावांनीच त्यांना या प्रेसवर बसवलं होतं, हात धरून शिकवलं होतं. लेकींची लग्नं या दोन हातांवर झाली. निरंजन त्यांना मावशी म्हणायचा. त्याला बघून त्या गालात हसल्या. “ये लेकरा. कोट धुवून आणलाय बघ. आता टीव्हीत दिसायचं म्हणल्यावर.”

“टीव्ही नाही मावशी, सिनेमा.”

“तेच ते. बसूनच दिसायचं ना, नाचायला तर नाही लावायलास?”

रंगराव खो खो हसले आणि भिंतीशी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर जाऊन बसले. त्यांचे गुडघे आता पार गेले होते. हनीफभाई हसले नाहीत. जाळी त्यांनी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्याशेजारीच ते उभे होते. नबीला कॅमेऱ्यामागून सरळ त्याच्याकडे बघत होती. “सर, फोटो बघितला?”

“बघितला.”

“मग जाळी लावू या ना परत. मी अँगल बदलून बघते. थोडं वरून घेतलं तर—”

“नको,” तो म्हणाला. एवढ्या चटकन म्हणाला की त्यालाच आश्चर्य वाटलं. गाडीत बसून घाबरणारा माणूस कुठे गेला? कॅमेरा तिवईवर चढला की त्याच्यात दुसराच कुणीतरी उभा राहायचा, ताठ मानेचा, कमी बोलणारा. त्याची निरंजनलाही जरा भीती वाटायची. “वरून घेतलं तर चेहरा जाईल. मावशी, तुम्हाला काही वाटतंय का जाळी नाही म्हणून?”

कौशल्याबाईंनी डायवर हात फिरवून बघितला, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. “वाटायचं काय. एवढंच की जाळीची सवय हाय हाताला. ती खाली यायली की बोटांना कळतंय. आता नुसत्या आवाजावर करावं लागंल. मोटर वाजायलीय तोवर काही नाही. ठोका कवा पडतोय ते कानाला पाठ झालंय.”

“बघा, त्यांनाच काही नाही वाटत,” निरंजन हनीफभाईंकडे वळून म्हणाला. बोलताना त्याला स्वतःच्या आवाजातली घाई ऐकू आली. हनीफभाई म्हणाले, “भाऊ, त्या तुमच्यासाठी करतायत. नाही कशा म्हणतील? आणि आज गुरुवार आहे. लाईटचा भरवसा नाही.” गुरुवारी कारखाने बंद म्हणून दुरुस्तीसाठी केव्हाही वीज जायची, हे तर तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. “कॅमेरा बॅटरीवर आहे,” निरंजन म्हणाला. हे उत्तर कुणाच्या प्रश्नाचं होतं? मग त्यानं सगळ्यांना नियम सांगितला. मी ‘कट’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मावशी, काहीही झालं तरी तुम्ही काम चालू ठेवायचं, आमच्याकडे बघायचं नाही. रंगराव क्रेटवरून म्हणाले, “निरू, काय बी झालं तरी म्हंजी?” त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मोटर सुरू झाली. पट्टा फिरायला लागला, प्रेसच्या डोक्यावरचं जाडजूड चाक हळूहळू वेग घेऊन एकसारखं गुणगुणायला लागलं, आणि कौशल्याबाईंनी कामाला सुरुवात केली. तुकडा, पायडल, ठोका, ब्रॅकेट. तुकडा, पायडल, ठोका, ब्रॅकेट. निरंजन आधी घाबरून बघत होता. प्रत्येक ठोक्याला त्याच्या बोटांच्या पेरांत कळ यायची, जणू ठोकळा तिथेच पडतोय. हळूहळू कळ थांबली. बाई सुरेख काम करत होत्या. हात येत होता, जात होता, चेहरा शांत, ओठांचा किंचित चंबू, लेकराला झोपवताना असतो तसा. हाच तो शॉट. अर्ध्या आयुष्याच्या सेफ्टी फिल्मा धुऊन निघतील असा शॉट. त्याचे डोळे भरून आले आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली.

ट्यूबलाईटी विझल्या. मोटरचा आवाज खाली खाली येत बंद झाला आणि वर्कशॉपमध्ये शांतता पसरली. छपराला मधेच एक पांढरा प्लास्टिकचा पत्रा होता, त्यातून राखी उजेड खाली आला तो थेट कौशल्याबाईंच्या कपाळावर, गालावर, हातांवर. इतका सुंदर उजेड निरंजननं जन्मात पाहिला नव्हता. देणगी, त्याच्या मनात आलं. देणगी, देणगी. केरेतीलाही हा मिळाला नसता. कौशल्याबाई क्षणभर थबकल्या. मग त्यांना सांगितलेलं आठवलं असणार. काहीही झालं तरी. त्यांनी पुढचा तुकडा ठेवला आणि पायडल दाबलं. चाक अजून फिरत होतं. मोटर बंद पडली तरी ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं आणि ठोकळा त्याच्याच जोरावर खाली येतो, हे या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. ठोका पडला. बाईंनी ब्रॅकेट उचलला, तुकडा ठेवला, पायडल. ठोका पडला, पण जरासा उशिरा. चाक मंदावत होतं. आणि बाईंचे हात मात्र जुन्याच चालीवर चालले होते, कित्येक वर्षांच्या चालीवर. जाळी नव्हती सांगायला. आता आवाजही नव्हता. पुढचा ठोका आणखी उशिरा पडला, आणि त्यांचा हात ब्रॅकेट घ्यायला निघाला होता तो ठोकळ्याच्या अगदी काठावर येऊन कसाबसा थांबला.

कट म्हण, निरंजननं स्वतःला सांगितलं. जीभ टाळूला चिकटली होती. आणि ती सुटली असती तरी? ओरडलो तर त्या दचकतील, मान वळेल, हात तिथेच राहील, पाय पडेल. पोरगा झाला! त्याच्या जन्माची हाक त्याच्याच घशात येऊन बसली होती. सगळ्यांना त्यानं थांबवून ठेवलं होतं, थांबवायची एकच वाट स्वतःकडे ठेवली होती, आणि ती वाट म्हणजे एक आरोळी. हे त्याला आत्ता कळत होतं, प्रेसवाल्याच्या पोराला. त्याला रडू यायला लागलं. आपल्या हाताला काहीतरी गरम आणि धडधडणारं लागतंय हे त्याच्या लक्षात आलं म्हणून त्यानं खाली बघितलं. त्याचा डावा हात हनीफभाईंच्या छातीवर आडवा होता. हनीफभाई पुढे यायला निघाले होते, त्यांचं पाऊल उचललेलं होतं, आणि तो त्यांना अडवून धरत होता. हा हात आपण केव्हा उचलला ते त्याला आठवेना.

कौशल्याबाईंनी तुकडा ठेवला. पायडल दाबलं.

निरंजन चौकटीत शिरला. धावला नाही, धावलं तर त्या दचकतात. कॅमेऱ्याच्या समोरून, भिंगाच्या अगदी जवळून, शॉटचा पार चुथडा करत तो चालत गेला आणि वळसा घालून प्रेसच्या पलीकडे त्यांच्या नजरेसमोर उभा राहिला आणि त्यानं पंजा वर केला. ती चार-सहा पावलं टाकताना त्याला असं वाटत होतं की तो कंबरभर पाण्यातून चाललाय आणि पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल. कौशल्याबाईंचा हात डायच्या दिशेनं निघाला होता. त्यांची नजर वर आली. समोर पंजा दिसला, आणि रंगरावांनी शिकवलेली ती जुनी रीत त्यांच्या अंगात सिनेमाच्या नियमापेक्षा खोल होती, म्हणून पाय पायडलवरून खाली आला आणि हात जिथे होता तिथे अधांतरी थांबला.

आणि मग ठोकळा खाली आला. मघाशी दाबलेल्या पायडलचा, उशिराचा, आळसावलेला ठोका. पत्रा चेपल्याचा आवाज झाला. बाईंची बोटं त्याच्यापासून चिमूटभर अंतरावर, राखी उजेडात, तशीच पसरलेली होती.

“अगं बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या, अगदी हळू. त्यांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हातात धरला आणि एकेक बोट चाचपून बघायला लागल्या.

निरंजनला वाटलं होतं की आता भीती सुटेल. ती सुटली नाही. पंजा तसाच वर धरून त्यानं बाईंच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, आणि ती हंगेरियन बाई ज्याकडे बघत होती ते त्याला दिसलं. तिच्या बाजूनं कधी कुणी बघितलंच नव्हतं. चौकटीबाहेर माणसं उभी होती. हनीफभाई एक पाऊल पुढे टाकलेल्या अवस्थेत, त्यांना अडवणारा हात तिथे नसतानाही थांबलेले. नबीला कॅमेऱ्याला डोळा लावून, गालावरून पाणी ओघळतंय आणि हात मात्र स्थिर. आणि भिंतीशी त्याचे वडील. ते क्रेटवरून अर्धवट उठले होते, गुडघ्यांनी साथ दिली नव्हती, आणि त्यांनी आपला उजवा हात तोंडावर गच्च दाबून धरला होता. ओरडू नये म्हणून. मधल्या दोन बोटांच्या रिकाम्या जागेतून त्यांचे उघडे ओठ दिसत होते. सगळ्यांना दिसलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. आणि सगळे त्याच्या शब्दाची वाट बघत उभे होते.

“झालं न्हवं लेकरा?” कौशल्याबाई कसंनुसं हसत म्हणाल्या. “मग म्हण की, काय म्हणायचं असतंय ते.”

त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. वर ते जड चाक अजून फिरत होतं, एक फेरा, मग बऱ्याच वेळानं आणखी एक. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटलेला होता. नबीला हलली नाही. हनीफभाईंचं पाऊल मागेही गेलं नाही आणि पुढेही आलं नाही. कौशल्याबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मागे वळून त्या सगळ्यांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. “असं काय बघायलाव सगळे?” त्या म्हणाल्या. “कुणीतरी बोला की.” रंगरावांनी तोंडावरचा हात काढला नाही. ते मुलाकडे बघत होते.